शस्त्रक्रियेनंतरचा सोबती

आजच्या भाषणाचा विषय कांहीं श्रोत्यांस प्रथम चमत्कारिक वाटेल. चारचौघांत, विशेषतः जेवणाच्या वेळीं, ज्या गोष्टीचा उच्चार करूं नये असा आपल्याकडे दंडक आहे, त्याच गोष्टीविषयीं येथें कांहीं मिनिटें बोलावयाचें आहे. परंतु हा दंडकच कित्येक माणसांच्या जिवावर उठलेला आहे. म्हणून तेवढ्या वेळेपुरता तो बाजूस ठेवणें भाग आहे.

मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागास कर्करोग झाला, विषमज्वरानें किंवा क्षयानें आंतड्यास भोंक पडलें, पोटास जबर इजा झाली, अथवा मूलच गुदद्वारावांचून जन्मास आलें, तर शस्त्रवैद्यापुढें पुष्कळदां एकच मार्ग उरतो. पोटाच्या कातडीस रुपयाएवढें छिद्र पाडून त्यांतून आंतड्याचें तोंड बाहेर आणावयाचें आणि तें तेथेंच टांक्यांनीं बसवावयाचें. त्या दिवसापासून मळ त्या वाटेनें बाहेर पडूं लागतो. ह्या नव्या द्वारास ‘स्टोमा’ म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ मुख असा आहे. मोठें आंतडें बाहेर आणलें तर ती कोलोस्टोमी, लहान आंतडें आणलें तर ती इलिऑस्टोमी. मूत्रासाठींहि असेंच द्वार करितां येतें. तें दिसावयास गालाच्या आंतल्या बाजूसारखें ओलें व लाल असतें. त्यास स्पर्श केला तरी दुखत नाहीं. मात्र त्यास आवरून धरणारा स्नायू नसल्यामुळें वेग रोखून धरणें माणसाच्या हातीं राहत नाहीं. म्हणून त्यावर पिशवी चिकटवावी लागते, आणि ती दिवसांतून कांहीं वेळां रिकामी करावी लागते.

रोगी वांचला, जखम भरली, टांके निघाले, घरीं जाण्याची चिठ्ठी हातांत पडली, म्हणजे शस्त्रवैद्याचें काम झालें. रोग्याचें काम त्याच्या घराच्या उंबऱ्यावर सुरू होतें.

आतां हा उंबरा सूरजागडकडचा आहे असें समजावें. सूरजागडची डोंगररांग गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत आहे. १९८२ सालीं चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हां हा प्रदेश नव्या गडचिरोली जिल्ह्यांत गेला. डोंगरावर ठाकुरदेवाचें स्थान असून जानेवारीत तेथें जत्रा भरते व आसपासच्या माडिया गोंडांच्या गांवांतून माणसें डोंगर चढून जातात. डोंगरांत लोखंडाचें खनिज आहे; २०१६ सालीं तेथें खाणकाम सुरू झालें. शहरांतल्या वृत्तपत्रवाचकास सूरजागड हें नांव बहुधा त्या खाणीमुळें, किंवा खाणीवरून झालेल्या तंट्यामुळेंच ठाऊक असतें. परंतु ह्या रानांत राहणाऱ्या माणसांसहि आंतडीं आहेत, आणि आंतड्यांचे जे रोग पुण्यामुंबईस होतात ते तेथेंहि होतात. शिवाय अस्वल अंगावर येण्याची भीति पुण्यामुंबईस नसते.

असा एखादा चाळिशींतला शेतकरी नागपूरच्या रुग्णालयांतून गांवीं परत आला. नागपूर तेथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर. येतांना त्याच्या हातांत दोनचार पिशव्या दिलेल्या असतात. त्या पंधरवड्यांत संपतात. नवी पिशवी एटापल्लीच्या औषधांच्या दुकानांत मिळेल असा भरवसा नसतो, आणि मिळाली तरी एका पिशवीस दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा द्यावा लागतो. मग चिंध्यांची घडी करून ती पोटास बांधणें आलें. मळ कातडीवर पसरतो, कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर पुढें पिशवी मिळाली तरी ती चिकटत नाहीं. इलिऑस्टोमी असेल तर हें फार लवकर घडतें. कारण लहान आंतड्यांतून येणाऱ्या पातळ द्रवांत अन्न पचविणारे रस असतात व ते कातडीहि पचवूं लागतात.

ह्यापुढची गोष्ट अधिक वाईट आहे. कमी खाल्लें तर घाण कमी होईल, असें तो मनाशीं ठरवितो व अर्ध्या पोटीं उठतो. मग पाणीहि कमी पितो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूस उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत इलिऑस्टोमी झालेल्या माणसानें पाणी व मीठ तोडणें म्हणजे मूत्रपिंडांस धोका ओढवून घेणें होय. घरच्यांस वाटतें, रोग पुन्हा उलटला. तो पडवीच्या एका कोपऱ्यांत निजूं लागतो, लग्नास जात नाहीं, जत्रेस जात नाहीं. कोणीं त्यास वाळींत टाकलेलें नसतें. त्यानें स्वतःसच टाकलेलें असतें, आणि इतरांनीं भिडेपोटीं त्यास तसें राहूं दिलेलें असतें.

ह्या एकटेपणावरचा उतारा शोधून काढला तो वैद्यांनीं नव्हे, रोग्यांनींच. शस्त्रक्रिया जुनी आहे. १७९३ सालीं फ्रान्समध्यें ब्रेस्ट येथें द्युरे नांवाच्या शस्त्रवैद्यानें गुदद्वारावांचून जन्मलेल्या एका अर्भकावर ती केली व तें मूल मोठें होऊन पंचेचाळीस वर्षें जगलें. १९०८ सालीं लंडनच्या माइल्सनें गुदाशयाच्या कर्करोगावरील मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हांपासून कायमच्या कोलोस्टोमीचे रोगी वाढत गेले. पण हीं माणसें एकमेकांस भेटत नव्हतीं. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयांतील अशा रोग्यांनीं आपलें एक मंडळ केलें. त्यांतले पुरुष एका कक्षांत व स्त्रिया दुसऱ्या कक्षांत असत. त्या कक्षांचीं अक्षरें क्यू आणि टी हीं होतीं, म्हणून मंडळाचें नांवहि ‘क्यूटी’ पडलें. नांवांत आजाराचा उल्लेख नव्हता, हें त्यांच्या सोयीचेंच झालें.

ह्याच सुमारास ओहायो संस्थानांतील ॲक्रन गांवच्या नॉर्मा गिल ह्या बाईस आंतड्याच्या दीर्घ विकारानें जेरीस आणलें. १९५४ सालीं क्लीव्हलंड येथें रूपर्ट टर्नबुल ह्या शस्त्रवैद्यानें तिची इलिऑस्टोमी केली. बाई बरी झाली, आणि आपल्यासारख्या इतर रोग्यांस भेटूं लागली. ती परिचारिका नव्हती. तिनें वैद्यकाचें कोणतेंहि शिक्षण घेतलेलें नव्हतें. पण टर्नबुलच्या असें ध्यानीं आलें कीं, ही बाई रोग्याजवळ बसून उठली म्हणजे रोगी जेवूं लागतो, आरशापुढें उभा राहतो, पिशवीस स्वतः हात लावतो. १९५८ सालीं त्यानें तिला रुग्णालयांत पगारी नेमलें. १९६१ सालीं हें काम शिकविण्याची शाळाच तेथें निघाली, आणि जगभर स्टोमाच्या परिचारिका ज्या परंपरेंत तयार होतात तिचा आरंभ तेथें झाला. एवढ्या मोठ्या वैद्यकीय शाखेचा उगम एका रोगी बाईपाशीं आहे, हें तिच्या पाठ्यपुस्तकांनीं मोकळेपणानें मान्य केलें आहे. सर्वच शाखांनीं असें केलें असतें तर बरें झालें असतें.

पिशवीचाहि इतिहास असाच घरगुती आहे. डेन्मार्कमध्यें एलिसा सोरेन्सन नांवाची परिचारिका होती. तिच्या थोरा नांवाच्या बहिणीची ही शस्त्रक्रिया झाल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली. पिशवी गळेल ही धास्ती. तेव्हां १९५४ सालीं एलिसानें कातडीस चिकटणारी, वापरून टाकून देतां येईल अशी पातळ पिशवी कल्पिली. ज्या कारखानदाराकडे ती गेली त्यानें प्रथम नकार दिला. त्याची पत्नी स्वतः परिचारिका होती, तिनें त्याचें मन वळविलें.

येथें मध्य भारताच्या रानाचा एक संबंध येतो, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानांत नसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर कांडोळ नांवाचें झाड आढळतें. त्याची साल गुळगुळीत व पांढुरकी असते. पानें गळून गेल्यावर चांदण्या रात्रीं तें दचकविण्याइतकें पांढरें दिसतें, म्हणून त्यास भुताचें झाड असेंहि म्हणतात. त्याच्या सालीस छेद दिला असतां जो डिंक झरतो तो परदेशीं ‘कराया’ ह्या नांवानें जातो. पाण्यांत तो विरघळण्याऐवजीं फुगतो व ओल्या पृष्ठभागास घट्ट चिकटतो. ह्या गुणामुळें कवळी बसविण्याच्या भुकटींत तो पूर्वीपासून वापरीत. ह्याच टर्नबुलनें ही भुकटी स्टोमाभोंवतींच्या सोलवटलेल्या कातडीवर वापरून पाहिली आणि कातडी निवली. पुढें ह्या डिंकाच्या चकत्या होऊं लागल्या. १९७० नंतर दुसरे लेप निघेपर्यंत अमेरिकेंतल्या व युरोपांतल्या हजारों रोग्यांच्या पोटावर त्या बसत होत्या. तो डिंक बहुतेक सगळा भारताच्या रानांतून, आदिवासींनीं उन्हांतान्हांत गोळा करून पाठविलेला होता. डिंक एवढ्या लांब गेला. त्याच्याभोंवतीं तिकडे जें ज्ञान व जी सोबत उभी राहिली ती उलट वाटेनें मुंबईपर्यंत आली. पुढें रानापर्यंत मात्र फारशी सरकली नाहीं.

मुंबईस परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. कर्करोगासाठीं सबंध देशांतून लोक तेथें येतात, आणि दूरचीं कित्येक कुटुंबें दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत उतरतात. १९७५ सालीं मुंबईंत ‘ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. ज्यांस स्टोमा आहे अशांनींच नव्या रोग्यांस भेटावें, धीर द्यावा, पिशवीची व तिच्या निगेची माहिती करून द्यावी, हें तिच्या कामाचें स्वरूप. टाटा रुग्णालयांत ह्या विषयांतील परिचारिकांचें शिक्षणहि होतें.

धीर देणें हा शब्द ऐकावयास सोपा आहे. पण रोग्याच्या खाटेशीं बसून ‘सर्व कांहीं ठीक होईल’ असें म्हणणारे नातलग पुष्कळ असतात, आणि त्यांच्या त्या वाक्यानें रोग्याचा धीर उलट खचतो. कारण सर्व कांहीं पूर्वीसारखें होणार नाहीं हें त्यास ठाऊक असतें. सोबत्याची रीत निराळी. तो इस्त्रीचा सदरा घालून येतो, खुर्चीवर बसतो, चहा घेतो, इकडच्यातिकडच्या चार गोष्टी बोलतो, आणि मग सहज सांगतो कीं, आपल्याहि पोटावर ही पिशवी आहे व तिला बारा वर्षें झालीं. रोग्याची दृष्टि आपोआप त्याच्या सदऱ्याकडे जाते. कांहींच दिसत नाहीं. त्या एका दृष्टिक्षेपानें जें साधतें तें तासभर केलेल्या उपदेशानें साधत नाहीं.

मग प्रश्न सुरू होतात, आणि हे प्रश्न शस्त्रवैद्यास कोणी विचारीत नाहीं. धोतर नेसतां येईल का? नऊवारीची गांठ नेमकी पिशवीवर येते, तिचें काय करावयाचें? पंगतींत बसलें असतां आवाज झाला तर? रात्रीं कूस बदलतांना पिशवी फुटली तर? बायकोनें एकदां पाहिलें तर ती जवळ येईल का? आणि बहुतेक हिंदु घरांत शेवटीं, खालच्या आवाजांत, येणारा प्रश्न: देवघरांत जातां येईल का? मुसलमान रोग्यास नमाजापूर्वीच्या वुजूविषयीं हीच शंका पडते. ह्या प्रश्नांचें उत्तर ग्रंथांत शोधीत बसण्यापेक्षां, ‘आमच्या घरची पूजा रोज मीच करतों’ असें सांगणारा समोर बसलेला असणें बरें. बाईकडे बाईनेंच जावें, तरुणाकडे शक्यतों तरुणानें. सत्तर वर्षांच्या आजोबांनीं नवपरिणीत मुलीस संसाराविषयीं धीर देण्याचा प्रयत्न करूं नये.

चांगला सोबती कांहीं गोष्टी कटाक्षानें टाळतो. तो औषध सुचवीत नाहीं, शस्त्रवैद्याच्या कामास नांवें ठेवीत नाहीं, आपल्या दुखण्याची कहाणी लांबवीत नाहीं. रोग्यास रडूं आलें तर रडूं देतो. स्टोमा काळा पडला, आंत ओढला गेला, पोट फुगून कांहींच बाहेर येईनासें झालें, तर क्षणभरहि न थांबतां रुग्णालयाकडे धाडतो. शक्य तेथें तो शस्त्रक्रियेच्या आधींच येतो. त्याचें एक व्यावहारिक कारण आहे. स्टोमा नेमका कोठें काढावयाचा ती जागा रोग्यास निजवून, बसवून व उभें करून आधीं खुणेनें ठरवावी लागते. ती कमरेच्या गांठीखालीं किंवा पोटाच्या वळींत आली तर पुढें जन्मभर पिशवी गळत राहते. जो माणूस वांकून धान रोवतो त्याच्या पोटाच्या वळ्या खुर्चींत बसणाऱ्या कारकुनाहून निराळ्या असतात, हें सांगणारें कोणी त्या वेळीं जवळ असलें तर बरें.

परंतु मुंबईचा किंवा नागपूरचा सोबती एटापल्लीस जाणार कसा? आणि गेला तरी माडिया भाषा त्याला कोठून येणार? तेव्हां हा सोबती तेथलाच पाहिजे. हें दिवास्वप्न नव्हे. भामरागड तालुक्यांत हेमलकसा येथें १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना चालू आहे. जंगलांतला माणूस वेळेवर व आपलेपणानें वागविला गेला तर उपचार मनापासून घेतो, ह्याचा तेथें अर्ध्या शतकाचा अनुभव आहे. त्याहून बोलका दाखला गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच जुजबी शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकांची निगा शिकविली. इंजेक्शन देणेंहि शिकविलें. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत १९९९ सालीं त्याचा अहवाल आला, त्याप्रमाणें तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले होते. जी बाई अर्भकाच्या जंतुदोषावर इंजेक्शन देऊं शकते तिला पिशवीचें छिद्र मापानें कापून चिकटविणें अवघड नाहीं. गांवोगांवच्या आशा कार्यकर्त्या आज घरोघर जातच आहेत. त्यांस हा विषय कोणीं दाखविला पाहिजे, आणि तालुक्यांत ज्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षें झालीं आहेत असा एखादा माणूस त्यांच्याबरोबर पाठविला पाहिजे.

त्यानें काय सांगावयाचें? पिशवी एकतृतीयांश भरली कीं रिकामी करावी, ओझें होईपर्यंत थांबूं नये. छिद्र स्टोमाच्या बेतानेंच कापावें, सैल ठेवूं नये. कातडी साध्या पाण्यानें धुवून पूर्ण कोरडी करावी. साबणाचा बुळबुळीतपणा राहिला तर पिशवी सुटते. पिशव्यांचा सांठा पत्र्याखालीं उन्हाच्या झळींत न ठेवतां मातीच्या भिंतीलगत गार जागीं ठेवावा. घरांत शौचकूप नसेल तर रानांत नेहमींच्या जागीं छोटा खड्डा खणावा, पिशवी त्यांत रिती करून माती लोटावी, व त्यासाठीं पाण्याची बाटली बरोबर न्यावी. पेज व भात चालतात. इलिऑस्टोमी असेल तर पेजेंत मीठ जरा जास्त घालावें, नुसतें पाणी ढोसूं नये, आणि बांबूचे कोंवळे कोंब, मक्याचे दाणे असे तंतुमय पदार्थ बारीक चावून थोडेच खावे, नाहींतर अरुंद वाटेंत ते अडकतात. पहिले दोनतीन महिने लांकडाची मोळी किंवा तेंदूच्या पुड्यांचें ओझें उचलूं नये, पोटाची भिंत फांकते. त्यानंतर पोटास रुंद पट्टा बांधून बहुतेक कामें होतात. नदींत अंघोळ होते. बाईस मूल होऊं शकतें. ठाकुरदेवाचा डोंगर चढतां येतो, आणि जत्रेंत नाचतांहि येतें. निघण्यापूर्वीं पिशवी रिती केलेली असली म्हणजे झालें.

सरकारनें ह्या लोकांकडे अगदींच पाठ फिरविली आहे असें नाहीं. रेल्वेच्या सवलतींच्या यादींत ऑस्टोमीच्या रोग्यांचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांस मासिक व त्रैमासिक पासांवर निम्मी सूट आहे. मुंबईच्या नोकरदारास ती उपयोगी पडते. एटापल्लीस आगगाडीच नाहीं. तेथल्या माणसास पासापेक्षां पिशवी हवी असते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत, इतर औषधांसारखी, फुकट मिळाली पाहिजे.

एक गोष्ट शेवटीं राहते, व ती पुष्कळांस ठाऊक नसते. सगळेच स्टोमा कायमचे नसतात. आंतड्यास भोंक पडल्यामुळें किंवा इजेमुळें काढलेला स्टोमा बहुधा कांहीं महिन्यांनीं बंद करून आंतडीं पुन्हा जोडतां येतात. गुदद्वारावांचून जन्मलेल्या बालकाची शस्त्रक्रिया साधारणपणें तीन टप्प्यांत होते: प्रथम स्टोमा, मग नवें गुदद्वार, आणि तें भरून आल्यावर स्टोमा बंद करणें. पण रुग्णालयांतून निघतांना सांगितलेली तारीख मराठींत किंवा इंग्रजींत कागदावर लिहिलेली असते, आणि कागद घराच्या आढ्यास खोंचलेला राहतो. पुन्हा तोच लांबचा प्रवास, पुन्हा तीच भीति, रोवणीचे दिवस, बैलाची विक्री. एक हंगाम जातो, दुसरा जातो, आणि जें सहा महिन्यांसाठीं केलेलें होतें तें सहा वर्षें तसेंच राहतें. गांवांतला सोबती ही तारीख लक्षांत ठेवूं शकतो. आदल्या आठवड्यांत तो घरीं येतो, कागद आढ्यावरून काढावयास लावतो, आणि एस.टी. नें चंद्रपूरपर्यंत व पुढें नागपूरच्या गाडींत बाळाच्या आईबापांबरोबर बसतो.